मृत घोडा, नग एक

शोवा २० (सन १९४५), १२ मे

तुम्ही लढाईवर जाताना बजावलं होतंत, आपल्या मंदिरात जे घडेल ते लिहून ठेव, आलो की वाचीन. रोज काही घडत नाही. आज घडलं.

सकाळी आम्ही बायका मंदिरामागच्या उतारावर पाइनची मुळं खणत होतो. दोनशे मुळांच्या तेलावर विमान तासभर उडतं, असं सरपंच मोरिवाकी सांगतात. आमची अकरा झाली होती. तेवढ्यात समुद्राच्या बाजूला तोफा वाजल्या, आणि थोड्या वेळाने वरून एक अमेरिकन वैमानिक आमच्यापासून वीस पावलांवर पडला. हवाई छत्री अर्धीच उघडली होती.

सरपंच बांबूचा भाला घेऊन धावत आले. दर गुरुवारी सराव करतात तसे पवित्र्यात उभे राहिले. माणूस आधीच मेलेला. मग त्यांनी भाला झाडाला टेकवला आणि तो तिथेच विसरून गेले. संध्याकाळी न्यायला आले.

पोरगा बावीस-तेवीसचा असेल. एका पायातला बूट निघाला होता. मोज्याला टाचेवर रफू केलेलं होतं, टाके अगदी बारीक. मी स्वतः इतकं चांगलं करत नाही.

घरी येऊन तुमच्या आईंना सांगितलं. मोतीबिंदू वाढल्यापासून त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यांनी विचारलं, "कुणाचा?"

"शत्रूचा, आई."

"ते झालं गं. कुणाचा?"

म्हटलं, माहीत नाही.

१३ मे

तालुक्याहून लष्करी पोलिसांचे लेफ्टनंट आले. पिस्तूल, नकाशा, बूट आणि छत्री घेऊन गेले. गळ्यातल्या साखळीला पत्र्याचे दोन बिल्ले होते, त्यातला एक काढून घेतला. छत्रीचं रेशीम मोजल्यावर चार हात कमी भरलं. त्यांनी सगळ्या बायकांकडे पाहिलं. सगळ्या बायकांनी जमिनीकडे पाहिलं.

हुकूम असा: कुठेतरी खड्डा करून पुरा. उदबत्ती नाही, सूत्र नाही, खूण नाही. हुकूम देऊन जेवून गेले.

सरपंच म्हणाले, "वहिनी, नदीकाठी मेलेले घोडे पुरतात तिथं टाकू या. सोपं पडेल."

मी म्हटलं, तिथून पाणी विहिरीत उतरतं. ते त्यांना पटलं. खरं कारण वेगळं होतं, ते तुम्हाला सांगते. तुमचं शेवटचं पत्र लुझोन बेटावरून आलं, त्याला आठ महिने झाले. आपण याला घोड्यांत टाकलं, तर तिकडे तुमचं कोणी काय करेल? मी इथे करीन तसं तिथे कोणी करेल, असा काही नियम नाही, हे मला कळतं. तरी मी नाही म्हटलं. मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

१४ मे

सगळा दिवस खड्ड्यात गेला. आपल्या गावात कुणी कधी माणूस पुरलेलाच नाही. किती खोल, कुठल्या दिशेला, कुणालाच ठाऊक नाही. सरपंच म्हणाले कमरेएवढा. कोळसेवाला तोराकिची म्हणाला, "कोल्हे कमरेएवढं आरामात उकरतात. कुणाच्या कमरेएवढा, तुमच्या?" सरपंच बुटके आहेत, त्यांना ते लागलं. दोन फुटांवर खडक लागला. दुसरीकडे खणलं, तिथेही खडक.

शेवटी तोराकिची खाली बसला आणि म्हणाला, "जाळू या की. माझ्या बापाला जाळलं, तुमच्या बापाला जाळलं. याला काय सोनं लागलंय, की पुरायचंच?"

लाकडाचा प्रश्न उरला. परवान्याशिवाय एक ओंडका जाळता येत नाही आणि शत्रूसाठी परवाना कोण मागणार? लष्कराच्या मेलेल्या घोड्यासाठी मात्र मिळतो, रोग पसरू नये म्हणून. सरपंचांनी रात्रभर विचार करायला वेळ मागितला.

१५ मे

सरपंचांनी अर्ज लिहिला. "मृत घोडा, नग एक. कारण: पोटशूळ." अक्षर सुंदर काढलं आहे. दुपारी परवाना आला.

१६ मे

रात्री उजेड करायला बंदी, म्हणून दिवसाच जाळलं. तोराकिचीने सुकी लाकडं अशी रचली की धूर कमी व्हावा. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. लेफ्टनंटसाहेबांचा सूत्राला मज्जाव होता, म्हणून मी सूत्र म्हटलं नाही. घसा साफ केला. ते खाकरणं जरा लांबलं, सूत्राएवढंच लांबलं. तुम्ही सूत्र म्हणताना ज्या ठिकाणी दम घेता तिथेच मी घेतला.

सरपंचांनी मधेच एकदा हात जोडले आणि कुणी पाहिलं का ते बघितलं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

१७ मे

अस्थी वेचायच्या तर दोघं हवीत, एकेक हाड दोघांच्या काड्यांनी मिळून उचलायचं, आणि ती दोघं घरची हवीत. याचं घरचं इथे कोण? मी सरपंचांकडे पाहिलं. त्यांना एकदम कचेरीतलं काम आठवलं. तोराकिची म्हणाला, "मी जाळतो. वेचत नाही."

आई काठी टेकत आल्या होत्या. म्हणाल्या, "दे एक काडी इकडे. हाताला धरून नेमकं दाखव फक्त."

मग आम्ही सासूसुनेनं वेचलं. आधी पायाची, मग गुडघ्याची, कमरेची, बरगड्या, हात, कवटी, रीतीप्रमाणे, म्हणजे माणूस बरणीत ताठ बसतो. सगळ्यात शेवटी मानेतलं ते हाड, गळ्यातला बुद्ध. तो अखंड निघाला, हात जोडून बसलेला. परधर्माच्या माणसाच्या गळ्यातही तो बसलेला असतो, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का?

अस्थिकलश मिळत नाहीत, कुंभार कारखान्यात हातबाँबसाठी मातीच्या बरण्या करतो. मी आंबट उमे फळांच्या लोणच्याची बरणी उकळून घेतली. वर उरलेला बिल्ला ठेवला. झाकणावर बांधायला सरपंचांच्या बायकोने रेशमाचा तुकडा आणून दिला. कुठून आणला ते मी विचारलं नाही. बरणी अमिदा बुद्धांच्या मागे ठेवली आहे. लोणच्याचा वास अजून येतो.

४ जून

तालुक्याच्या कचेरीतून पत्र. जाळलेल्या घोड्याचं कातडं नियमाप्रमाणे जमा का केलं नाही? सरपंच दोन वेळा चहा पिऊन गेले. उत्तर पाठवलं: रोग त्वचेचा होता.

२३ जून

कचेरीचं पत्र. परवान्यात पोटशूळ लिहिला आहे, तो त्वचेचा कसा? कातडं राहू द्या, चारही नाल जमा करा.

तोराकिची म्हणाला, "एक बिल्ला आहे, पाठवायचा?" त्यावर सरपंच त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी गावातल्या म्हाताऱ्या घोडीचे दोन नाल काढून पाठवले. घोडी आता सांभाळून चालते.

९ जुलै

आज सरपंच स्टेशनवरून पांढऱ्या कापडात बांधलेली लाकडी पेटी गळ्यात अडकवून आले. वर तुमचं नाव आहे.

लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहिते. त्यांनी पेटी आईंच्या मांडीवर ठेवली आणि पुढे काय म्हणायचं ते पाठ केलेलं होतं ते विसरले. आईंनी पेटी कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. पुन्हा हलवली. मग मला म्हणाल्या, "उघड."

आत कागदाची चिठ्ठी होती. त्यावर तुमचं नाव आणि "वीर आत्मा" असं लिहिलेलं. बाकी काही नाही.

आता तुम्हीच सांगा, कागदावरून काय समजायचं? अस्थी असत्या तर वेगळं. कचेरीच्या कागदावर आमच्याकडे एक घोडासुद्धा मेला आहे. मी लिहीत राहणार आहे.

१३ जुलै

आई चार दिवस जेवल्या नाहीत. पेज केली, ताट सरकवलं. पेटी मांडीवर घेऊन बसतात आणि मधूनमधून हलवून बघतात. मला वाटतं याही जाणार, आणि मग तुम्ही आलात की मी तुम्हाला काय तोंड दाखवू?

१४ जुलै

मी एक केलं आहे. रागवा हवं तर.

आई शेजाऱ्यांकडे अंघोळीला गेल्या होत्या, त्यांच्याकडे आज पाणी तापलं होतं. आईंना हाताला धरून सोडून आले, तुमची चिठ्ठी बाजूला काढून ठेवली आणि बरणीतल्या अस्थी तुमच्या पेटीत भरल्या. एकेक उचलून लावायला हव्या होत्या. पण अंगणात त्यांच्या काठीचा आवाज आला आणि मी बरणी सरळ उलटी केली. बिल्ला, रेशीम, सगळं आत गेलं. म्हणजे गळ्यातला बुद्ध तळाशी आणि पाय वर. तो पोरगा त्या पेटीत डोक्यावर उभा आहे. मला त्याची फार लाज वाटते.

आईंना म्हटलं, "पेटीला खाली दुसरा तळ होता, आई. अस्थी कापसात गुंडाळून त्याखाली ठेवल्या होत्या."

त्यांनी पेटी हलवली. वाजली. बराच वेळ हलवत राहिल्या, मग आत हात घालून चाचपलं.

"लष्कराचं काम पक्कं असतं," म्हणाल्या. मग पेज मागितली. दोन वाट्या खाल्ल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आता वाचतील त्या.

३० जुलै

आईंची तब्येत सुधारते आहे. मी मुळं खणायला जाते तेव्हा पेटीशी बोलत बसतात. विसरायला मात्र फार लागल्या आहेत. काल सरपंचांकडून चिमूटभर तंबाखू मागून आणली आणि पेटीपुढे ठेवली. म्हटलं, "आई, हे कधी ओढत नव्हते."

"असू दे. लढाईवर गेलेली पोरं ओढतात."

परवा मला विचारत होत्या, अमेरिकेत भात पिकतो का? मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? म्हणाल्या, सहज.

पेटीपुढे भाताऐवजी उकडलेला बटाटा ठेवतात. तुम्हाला बटाटा कधी आवडला नाही, तेही विसरल्या. मी टोकत नाही.

१५ ऑगस्ट

सरपंचांच्या रेडिओवर सम्राटांचा आवाज ऐकला. खरखर फार होती. तोराकिची म्हणाला, अजून मुळं खणा म्हणत असतील. संध्याकाळी कळलं की युद्ध संपलं. मुळं एकशे चाळीस झाली होती.

आता तुम्ही याल.

२५ ऑगस्ट

सगळे लष्करी कागद जाळा, असा कचेरीचा हुकूम. सरपंचांनी घोड्याचे कागद सगळ्यात आधी जाळले आणि बऱ्याच दिवसांनी हसले.

२१ ऑक्टोबर

शेजारच्या तालुक्यातून बातमी आली आहे. अमेरिकन लोक आपल्या पडलेल्या वैमानिकांचा गावोगाव शोध घेतात. कुठे मारला असेल तर पकडून नेतात, फासावर देतात म्हणे.

सरपंच पायरीवर बसले होते. "वहिनी, आपण माणूस जाळला. मग कागद जाळले. आता त्यांना दाखवायला माझ्याकडे काय आहे?"

मी म्हटलं, अस्थी आहेत.

"कुठे आहेत?"

मी सांगितलं. ते पायरीवरून उठले, परत बसले. मग म्हणाले, "म्हातारीच्या मांडीवरून मुलगा काढून घ्यायचा, नाहीतर मी फासावर जायचं. असंच ना?"

म्हटलं, असंच दिसतं. मला तिसरं काही सुचत नाही. तुम्ही असता तर तुम्हालाही सुचलं नसतं, उगीच कशाला.

७ नोव्हेंबर

आले.

एक अमेरिकन कॅप्टन, एक शिपाई आणि एक दुभाष्या. दुभाष्याचा गणवेश अमेरिकन आणि चेहरा आपल्यासारखा. त्याचे आजी-आजोबा आपल्याच जिल्ह्यातून हवाईला उसाच्या मळ्यावर गेलेले. त्याची भाषा ऐकून सगळे चाट पडले, आपल्या पणजीच्या काळचे शब्द बोलत होता. आई म्हणाल्या, "हा कोण म्हातारा आलाय?" तो पंचवीसचा असेल. लाजला.

कॅप्टनकडे कागद होता. तालुक्याच्या कचेरीने आपली प्रत जाळलीच नव्हती. दुभाष्याने वाचलं, "मृत घोडा, नग एक. पोटशूळ." आणि विचारलं, "त्याच आठवड्यात इथं आमचा माणूस पडला. हा घोडा कुठंय?"

सरपंच गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "घोडा नव्हता."

कॅप्टन बोलत गेला. दुभाष्या खाली मान घालून सांगत गेला: "ते विचारतायत, जाळलं का? सगळं जग पुरतं. अंगावरच्या जखमा दिसू नयेत म्हणून जाळलं का?"

सरपंच नुसते डोकं टेकवत राहिले. तोराकिची पुढे झाला. "माझ्या बापालापण मीच जाळलंय. त्याला कुठं जखमा होत्या? इथं दोन फुटांवर खडक आहे, खणून बघा म्हणावं."

कॅप्टन म्हणाला, अस्थी दाखवा.

मी आत गेले. पेटी आईंच्या मांडीवर होती. मी त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "आई, पेटी जरा द्या. त्यांना बघायची आहे."

"चल, मीच येते," म्हणाल्या. पेटी छातीशी धरून बाहेर आल्या आणि ओट्यावर बसल्या.

मी झाकण काढलं. मला माहीत होतं काय दिसणार. ओतलेला ढीग, पाय वर, डोकं खाली. कॅप्टन म्हणणार, कचऱ्यासारखं भरलं आहे, आणि त्याचं काही चुकणार नव्हतं.

वर रेशमाची घडी होती, चारी कोपरे जुळवलेली. घडीवर बिल्ला. रेशीम उचललं तर मधोमध गळ्यातला बुद्ध, समोर तोंड करून. त्याभोवती कवटीचे तुकडे, त्यांच्याखाली हात, बरगड्या. खाली कुठेतरी पाय असणार.

मी आईंकडे पाहिलं.

दुभाष्या वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग कॅप्टनला सांगू लागला, बोटांनी पायापासून गळ्यापर्यंत दाखवत. त्याच्या आजोबांचं असंच केलं होतं म्हणे, त्याने स्वतः काडी धरली होती. कॅप्टनने बिल्ला वाचला. टोपी काढली. मग काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, हे कुणी लावलं?"

आई म्हणाल्या, "मी. सुनेनं नुसतं ओतलं होतं. तिला नेहमी घाई."

दुभाष्याने तेवढ्याचंही भाषांतर केलं. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

घोड्याच्या कागदावर त्याने काही लिहिलं आणि घडी करून खिशात ठेवला. सरपंचांना उठा म्हणाला. त्यांना उठता येईना, पायाला मुंग्या आल्या होत्या. तोराकिचीने उठवलं.

अस्थी त्यांच्या डब्यात ठेवायच्या होत्या. शिपाई पेटी उलटी करायला निघाला. आईंनी काठी आडवी घातली. "पायापासून," म्हणाल्या. पण पाय तळाशी. मग सगळं एकेक करून कापडावर काढलं आणि पुन्हा खालून वर लावत गेलो. एक काडी आईंची आणि एक दुभाष्याची. तासभर लागला. कॅप्टन उभा राहिला होता.

जाताना आईंनी दुभाष्याचा हात धरला. "याच्या आईला सांग, तंबाखू मिळत नव्हती, कमी पडली. बटाटा रोज दिला."

तो म्हणाला, "सांगतो, आजी."

कॅप्टनने पोचपावती दिली. त्यावर पोराचं नाव आहे, मला वाचता येत नाही. दुभाष्याने दोनदा म्हणून दाखवलं. आईंनी दोनदा मागोमाग म्हटलं. आता त्यांना येतं, मला येत नाही.

८ नोव्हेंबर

आज सकाळी विचारलं, "कधी कळलं, आई?"

"त्याच दिवशी. पेटीत तळाला बिल्ला लागला. अक्षरं बोटाला लागत होती, आपली नव्हती. आणि लष्कर असलं रेशीम देतंय होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू चार दिवस पेज आणून समोर बसत होतीस. तुझाच जीव जायला आला होता, मग मी मागून खाल्ली." मग म्हणाल्या, "आणि तो उलटा होता गं. कुणीतरी सरळ करायला नको? चार दिवस लागले मला. दिसत नाही ना."

पेटीत तुमची चिठ्ठी परत ठेवली. तिच्याशेजारी ती पावती ठेवली. आईंनी पेटी कानाशी धरून हलवली. कागदावर कागद घासल्याचा बारीक आवाज आला.

पेटी मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. मी भाजी निवडत होते. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शिनो, तिकडे आपल्या ऱ्योकाईला कुणी ओतलं तर नसेल ना गं?"

मी म्हटलं, "नाही, आई. पायापासून वेचलं असेल. दोघांनी मिळून."

"हं," म्हणाल्या.

बोलून गेल्यावर कळलं मी काय बोलले. भाजी तशीच टाकून मी आईंच्या मांडीवर, पेटीशेजारी, डोकं ठेवलं. त्यांनी केसांतून हात फिरवला. चूल विझली होती, ती नंतर पेटवली.